चाळीस नंबरचा शेवट

अंबरनाथ (पूर्व)
२२ नोव्हेंबर १९८७

प्रिय रघु,

जय भीम. तू विमानात बसलास हे तुझ्या आईने सगळ्या वस्तीला सांगितलं. विमानातून उतरलास की नाही, ते मात्र आम्हाला अजून कोणी सांगितलेलं नाही. शारजाला नीट पोचलास असं धरून लिहितोय.

तुझा ढोल आता वाळूकडे दिलाय. बारवी धरणाकडचा आहे, आमच्याच कंपनीत लोडिंगला असतो. हाताला जोर आहे, पण ताल म्हणजे काय हे त्याला अजून कळायचंय. तुझी जागा भरून निघाली असं तुला वाटून घ्यायचं असेल तर घे, माझा बेंजो मात्र एकटा पडलाय.

रविवारी सगळी बेंजो पार्टी आमच्या खोलीत जमली होती. आईने चहाची पातेली चढवली आणि मी चाळीस नंबर लावली. वाळूने पहिल्यांदाच ऐकली. पहिल्या गाण्याला बिचारा दचकला, तिसऱ्याला मांडीवर हात मारायला लागला आणि उलटी बाजू संपेस्तोवर आपल्यातला झाला. मग म्हणाला, हे चाळीस नंबर काय प्रकरण आहे? तेव्हा सगळी कथा सांगावी लागली. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी आपण दोघं उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये चेलारामच्या दुकानात गेलो होतो. त्याच्याकडे सगळ्या कॅसेटी त्याने स्वतःच उतरवून घेतलेल्या. आपण म्हटलं, काहीतरी जोरदार द्या. त्याने एक काढून दिली. वर ना बँडचं नाव, ना गाण्यांची नावं. पेनाने फक्त लिहिलेलं, 'इंग्लिश जोरवाला, ४०'. तेव्हापासून ती चाळीस नंबर.

वाळूला मुख्य गोष्टही सांगितली. शेवटच्या गाण्यात गिटार चढत चढत जातं, गाणारा श्वास घेतो, आता काहीतरी होणार असं वाटतं आणि खट. टेप संपते. चेलारामची कोरी कॅसेट छोटी पडली आणि गाणं तिथेच तुटलं. आपण ते गाणं बेंजोवर बसवलं तेव्हा तेही तिथेच तोडलं. जयंतीच्या मिरवणुकीत आता सगळी वस्ती त्या जागी हात वर असेल तर हात वर, पाय उचललेला असेल तर पाय उचललेला ठेवून उभी राहते. वाळू म्हणाला, मग पुढं काय?

तेव्हा तुझ्यावर एकच काम सोपवतो. तिकडे सगळं ओरिजिनल मिळतं म्हणतात. शेवट शोध. बँडचं नाव कळलं तरी मला सांगू नकोस, आपल्यासाठी ती चाळीस नंबरच आहे. पण ते तुटलेलं गाणं एकदा पुरं ऐकल्याशिवाय मला चैन नाही. गंमत म्हणून म्हणत नाहीये. आणि सांगशील ते खरं सांग. तुझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायची मला सवय आहे.

तुझा,
सुदाम

शारजा
२० डिसेंबर १९८७

प्रिय सुदाम,

जय भीम. पोचलो, उतरलो, जेवलो. इथे एका खोलीत आम्ही आठ जण. दिवसभर गच्च्यांवर चढून लोकांचे एसी दुरुस्त करतो आणि आमच्या खोलीतला बंद आहे.

तुझं काम लगेच हाती घेतलं. बाजारात एका मलबारी माणसाचं कॅसेटचं दुकान आहे, भिंतभर कॅसेटी. मी आत गेलो आणि म्हटलं, इंग्लिश जोरवाला पाहिजे. त्याने विचारलं, कुठला बँड? आता आली का पंचाईत. मग मी काउंटरवर ढोल वाजवला, तोंडाने तुझा बेंजो वाजवला, दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं अख्खं म्हणून दाखवलं. दुकानात माणसं गोळा झाली. शेवटी त्याचा चेहरा उजळला, आत गेला आणि मोठ्या मानाने एक कॅसेट घेऊन आला. खोलीवर येऊन लावली तर अरबी लग्नातली गाणी.

हसू नकोस. तीही काही वाईट नाहीत. पण मी सोडणार नाही. इथे दर शुक्रवारी सुट्टी असते आणि दर शुक्रवारी मी एक दुकान धरतो. माझ्याकडच्या कॉपीवर मी आमच्या खोलीतल्या दोघांना नादी लावलंय. एक नेपाळी, एक हैदराबादचा. हैदराबादवाल्याला तिसरं गाणं सगळ्यात भारी वाटतं. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

काकूंना आणि तुझ्या बहिणाबाई मीनलला नमस्कार सांग.

तुझा,
रघु

अंबरनाथ (पूर्व)
९ फेब्रुवारी १९८८

प्रिय रघु,

तिसरं गाणं भारी म्हणणाऱ्याबरोबर एका खोलीत राहतोस म्हणजे तुझे हाल मला कळले.

माझं एक सांगायचं आहे, घाबरू नकोस. दिवाळीपासून खोकला होता. थुंकीतून रक्त पडलं तेव्हा आई मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. एक्सरेत छातीवर डाग निघाला. बापाला झाला होता तोच आजार. आमचे धोंडिबा रोकडे थोडं बरं वाटलं की औषध सोडायचे, तुला आठवत असेल. शेवटी त्यांना खांदा आपणच दिला होता. म्हणून आईने मला बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं केलं आणि एकही सुई चुकवणार नाही असं वदवून घेतलं. आता रोज सकाळी सुई घेतो आणि तसाच कामावर जातो.

डॉक्टर भला माणूस आहे. म्हणाला, या औषधाने काहींच्या कानाला त्रास होतो, आत घंटी वाजल्यासारखं झालं, तोल गेला तर लगेच सांगायचं, आपण सुई बंद करू. मी म्हटलं, साहेब, माझ्या कानात पाच वर्षं चाळीस नंबर वाजतंय, ते धरायचं का? तो हसला. त्याला कॅसेट ऐकवायचं कबूल केलंय.

शेवटाचं काय झालं? जरा लवकर बघ.

तुझा,
सुदाम

शारजा
६ मार्च १९८८

प्रिय सुदाम,

औषध सोडलंस तर मी तिथे येऊन तुला सुई देईन, तीही एसीच्या गॅसची. बाकी काही लिहीत नाही, काकू आहेत तिथे.

आता बातमी ऐक. कॅसेट सापडली! चौथ्या दुकानात मी नुसतं पहिल्या गाण्याचं तोंड वाजवलं आणि तो पोरगा न बोलता आत जाऊन घेऊन आला. वर फोटो, नाव, सगळं. नाव तुला सांगत नाही. मी टॅक्सी करून खोलीवर आलो. आम्ही तिघं खाली बसलो. पहिली बाजू गेली, दुसरी गेली. शेवटचं गाणं आलं. गिटार चढायला लागलं. नेपाळ्याने माझा हात धरला. गाणाऱ्याने श्वास घेतला.

खट.

अगदी तिथेच. मला आधी वाटलं, आमचा टेप बिघडला. मग डोक्यात प्रकाश पडला. वरचा कागद सुंदर छापलेला, पण आतली कॅसेट इथेच कुठेतरी उतरवलेली. चेलारामने आपली जिच्यावरून उतरवली ती इथूनच कोणीतरी पेटीत टाकून उल्हासनगरला नेली असणार. त्याची चूक नव्हतीच. आपण पाच वर्षं त्या गरीब माणसाला शिव्या दिल्या.

पण आता नाव हातात आहे. नाव असलं की माणूस सापडतो. थोडा धीर धर. इतकी घाई काय आहे तुला? गाणं कुठे पळून चाललंय?

तुझा,
रघु

अंबरनाथ (पूर्व)
२० एप्रिल १९८८

प्रिय रघु,

जयंती झाली. टेम्पोवर मी, मागे वाळूचा ढोल, पुढे दोन भोंगे. स्टेशनकडे वळलो आणि पोरं ओरडायला लागली, चाळीस, चाळीस. वाजवलं. तुटायच्या जागेवर आलो आणि सगळा रस्ता थांबला. निळे झेंडे वरच्या वर. एक म्हातारी फुलं उधळत होती, तिचा हात तसाच राहिला. रस्त्याकडेचा भजीवाला सिंधी झारा वर धरून उभा. इतक्या माणसांना एका जागी असं थांबवता येतं हे दर वेळी मला नवीनच वाटतं. मग वाळूने ढोल उचलला आणि परत धुमाकूळ.

पण बेंजो मनासारखा बोलत नाही. बारीक तार तर मुकीच झाल्यासारखी वाटते. आपल्याकडे तारा हलक्या येतात हल्ली. बाकीच्यांना विचारलं तर म्हणतात, ठीक आहे की. त्यांना काय कळतंय?

माझं वजन वाढलं. सुया चालू आहेत. एकही चुकवली नाही.

घाई काय म्हणून विचारलंस. काही नाही. पण तू खरंच लवकर बघ. या पावसाच्या आधी जमलं तर फार बरं.

तुझा,
सुदाम

शारजा
११ जून १९८८

प्रिय सुदाम,

तारा हलक्या आहेत म्हणून रडू नकोस. आमच्या मुकादमाबरोबर बेंजोसाठी तारांचा पुडा पाठवतोय. जर्मन आहेत. सांभाळून लाव. आता बारीक तार बोलली नाही तर दोष तुझ्या बोटांचा.

शेवटाचा माग लागलाय. इथे फिलिपिन्सची पोरं आहेत, वेल्डिंग करतात आणि चाळीस नंबर त्यांना बारशापासून पाठ असावी असं गिटारवर गातात. त्यांच्यातला रेने म्हणून आहे, त्याच्या भावाकडे मनिलात ओरिजिनल तबकडी आहे. त्याने शेवट ऐकलाय. मी त्याला म्हटलं, सांगू नकोस. तुझ्याआधी मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं बरं नाही. त्याचा भाऊ सुट्टीनंतर कामाला इकडेच यायचा आहे, त्याच्याकडून मागवलीय. थोडे महिने लागतील. तुला पावसाआधी पाहिजे, पण पाऊस दर वर्षी येतो, गाणं एकदाच.

दर पत्रात घाई घाई करतोस. आपण म्हातारे होईपर्यंत हे गाणं ऐकणार आहोत.

तुझा,
रघु

अंबरनाथ (पूर्व)
१४ ऑगस्ट १९८८

प्रिय रघुदादा,

मीनलचा जय भीम. दादाला न सांगता लिहितेय. तुमची पत्रं मी वाचते, तुम्ही हसतखेळत लिहिता आणि तो वाचून पत्र उशीखाली ठेवतो. तुम्हाला खरं कळलं पाहिजे.

दादाला ऐकू येत नाही. उजव्या कानाने काहीच नाही, डाव्या कानाशी ओरडलं तर थोडंसं. मार्चपासून त्याच्या कानात घंटी वाजत होती आणि त्याने कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही. सांगितलं तर सुई बंद करतील आणि सुई बंद झाली की आपलंही बापासारखं होईल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. आईला दिलेल्या शब्दासाठी तो गप्प राहिला. जुलैत रस्त्यात तोल जाऊन पडला, तेव्हा मी दवाखान्यात नेलं आणि सगळं बाहेर आलं. डॉक्टर खूप रागावले. म्हणाले, वेळेवर सांगितलं असतंस तर दुसरं औषध होतं, छाती त्यानेही बरी झाली असती. सुई बंद केली, पण गेलेलं परत येत नाही म्हणाले.

छाती बरी आहे. त्याचं आईला केवढं समाधान, ती शेजारीपाजारी सांगत फिरते. दादा तिच्यासमोर हसतो.

कंपनीत लेथवरून काढून पॅकिंगला बसवलंय, कारण लेथवर काम करताना कान लागतो. संध्याकाळी येतो, टेपला डावा कान लावून बसतो आणि चाळीस नंबर लावतो. आवाज पूर्ण मोठा. शेजारचे आधी भांडायचे, आता काही बोलत नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या तारा आल्या. त्या त्याने हातात धरल्या आणि पुडा न फोडता कपाटात ठेवला. तो घाई का करत होता ते आता तुम्हाला कळलं असेल. तुम्हाला दोष देत नाही.

मीनल

अंबरनाथ (पूर्व)
२ ऑक्टोबर १९८८

प्रिय रघु,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. रडून रडून शाई पसरवली आहेस, काही ओळी वाचता आल्या नाहीत. मीनलने कळवलं ते कळलं. तिला रागावलो, मग सोडून दिलं.

माफी वगैरे मागू नकोस. तू कॅसेट शोधत होतास, औषध नाही. मी डॉक्टरला सांगितलं नाही, त्यात तुझा काय संबंध? मला वाटलं, कान गेला तरी हळूहळू जाईल, तोवर सुयाही पुऱ्या होतील आणि तुझी कॅसेटही येईल. हिशेब चुकला. डावाही परवा बंद झाला. आता टेपला कान लावला की नुसती गालाला थरथर लागते.

एक काम अजून बाकी आहे. रेनेच्या भावाकडून आली की तू ऐक. नीट ऐक. आणि मला लिही. गिटार चढतं, तो श्वास घेतो, त्याच्या पुढे काय होतं ते एक एक करून लिही. तू ढोलवाला आहेस, तुला ताल कळतो. चाळीस नंबर मला पहिल्या सुरापासून त्या तुटायच्या जागेपर्यंत डोक्यात आत्ताही जशीच्या तशी वाजवता येते. तेवढा तुकडा जोडला की माझ्याकडे पूर्ण होईल.

पण तिखटमीठ लावू नकोस. या वेळी नाही.

तुझा,
सुदाम

शारजा
२६ नोव्हेंबर १९८८

प्रिय सुदाम,

काल शुक्रवारी रेनेच्या खोलीत ऐकली. त्याचा भाऊ तबकडी कपड्यांत गुंडाळून घेऊन आला होता. आम्ही दहा-बारा जण होतो. मी त्यांना सांगितलं की अंबरनाथला माझा एक दोस्त आहे, त्याच्यासाठी ऐकतोय.

आता लिहितो. गिटार चढलं. तो श्वास घेतो. सुदाम, एक क्षण सगळं थांबतं, अगदी आपली मिरवणूक थांबते तसं. आणि मग ढोल येतात. एक नाही, दोन दोन. हळू नाही, एकदम. त्यावर तो ओरडतो, पहिल्या गाण्यात ओरडतो त्याच्या दुप्पट, आणि खाली गिटार पहिल्या गाण्याचीच चाल धरतं, पण दुप्पट वेगाने. म्हणजे सगळी कॅसेट फिरून सुरुवातीला येते. चार वेळा ती चाल होते, प्रत्येक वेळी एक एक पट्टी वर. बेंजोवर वरच्या सगळ्या बटणांपर्यंत जावं लागेल. मग तीन ठोके. पहिला, दुसरा, आणि तिसरा ठोका मोठा, भोंगा फुटेल इतका. संपलं. रेनेच्या खोलीत सगळे उठून उभे राहिले.

इतकी वर्षं आपण ज्याची वाट बघितली ते तितकंच मोठं आहे. खोटं नाही सांगत.

तबकडीवरून कॅसेट उतरवून या पत्राबरोबर पाठवतोय. तुला नाही तरी मीनलला, पार्टीला ऐकव. ऐकवलीच पाहिजे असं नाही म्हणा. ठेव तुझ्याकडे.

तुझा,
रघु

अंबरनाथ (पूर्व)
१९ एप्रिल १९८९

प्रिय रघुदादा,

या पत्राला काय उत्तर द्याल मला माहीत नाही, नाही दिलं तरी चालेल.

दादा चार महिने तुमचं पत्र समोर ठेवून बेंजोवर बसत होता. भोंग्याची वायर लावायचा नाही, नुसती बटणं दाबायचा. आईने खुणेने विचारलं की सांगायचा, जयंतीला. पार्टीवाले आधी नको म्हणत होते. वाळूने त्यांना समजावलं की चाळीस नंबर तर त्याच्या बोटांत आहे, कान कशाला पाहिजे. आदल्या दिवशी दादाने तुमच्या जर्मन तारा काढल्या आणि चढवल्या. वाळूने सुरात लावून दिल्या.

मी टेम्पोच्या बाजूने चालत होते. पहिलं निम्मं गाणं बरं वाजलं. नव्या तारा ताणतात, वाजवता वाजवता उतरतात, त्या परत परत कानाने चढवाव्या लागतात हे मला नंतर वाळूने सांगितलं. तारा उतरत गेल्या आणि दादाला कळलं नाही. भोंग्यातून काय येत होतं ते मी लिहीत नाही. तरी लोक नाचत होते, कारण चाल सगळ्यांना पाठ. तुटायच्या जागेवर आले आणि सगळे दर वेळेसारखे थांबले.

मग दादाने पुढे वाजवायला घेतलं. तुम्ही लिहिलेलं. वाळूला त्याने हातवारे करून शिकवलं होतं, पण बेसूर ऐकून वाळूचा हात उचलेना. दादा एकटाच वाजवत राहिला, वर वर जात. लोक थोडा वेळ तसेच उभे होते. मग एकजण हसला, मग पोरं हसायला लागली. मागच्या मंडळाच्या टेम्पोने कॅसेट लावली आणि सगळी गर्दी तिकडे वळली. दादाची मान खाली होती, बटणांवर. त्याने तीन ठोके पुरे केले, मग वर बघितलं. समोर रस्ता रिकामा.

रघुदादा, तुम्ही पाठवलेली कॅसेट मी डिसेंबरातच ऐकली होती, दादाच्या नकळत, शेजाऱ्यांच्या टेपवर. त्यात ढोल नाहीत. तो ओरडतही नाही. तो श्वास घेतो, तीच एक ओळ परत परत म्हणतो आणि आवाज लहान लहान होत जातो. कोणीतरी दार लोटून घेतल्यासारखा. शेवट कुठे झाला ते कळतसुद्धा नाही. मला वाटलं, तुम्ही प्रेमाने लिहिलंय, त्याला कशाला सांगू? तो पत्र समोर ठेवून बसायचा तेव्हा इतका आनंदात असायचा. मीही गप्प राहिले. आमच्या घरात गप्प राहायची रीतच पडलीय.

त्याला काही कळू देऊ नका. एवढंच मागते.

मीनल

अंबरनाथ (पूर्व)
२ मे १९८९

प्रिय रघु,

जय भीम. मीनलने तुला लिहिलं असणार. तिने पत्र लिहिलं की दोन दिवस माझ्याकडे बघत नाही, त्यावरून मला कळतं. ऐकू येत नाही म्हणून दिसतही नाही, असं घरातल्या सगळ्यांना वाटायला लागलंय.

तुझी कॅसेट आली त्याच आठवड्यात मी ती घेऊन चेलारामकडे गेलो होतो. त्याच्या मोठ्या डेकवर काचेमागे दोन सुया आहेत, आवाजाबरोबर नाचतात, तुला माहीत आहे. मी त्याला सांगितलं, शेवटचं गाणं लाव. आणि मी सुयांकडे बघत बसलो. गाणं मला पाठ आहे, कुठे चाललंय ते सुयांवरून बरोबर कळत होतं. गिटार चढलं, सुया उजवीकडे टेकल्या. श्वास आला, सुया खाली आल्या. आपल्या कॅसेटवर तिथे त्या धाडकन पडतात. या वेळी पडल्या नाहीत. थोड्या हलल्या. मी तुझ्या ढोलांची वाट बघितली. सुया हलत हलत खाली गेल्या, मग आणखी खाली, आणि निजल्या. चेलारामने माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले. मी त्याला परत लावायला सांगितलं. परत निजल्या.

तेव्हा मला डिसेंबरातच कळलं होतं. तुझ्यावर राग आला, खोटं कशाला सांगू. एवढं एकच मागितलं होतं तुझ्याकडे. घरी आलो आणि तुझं पत्र फाडायला घेतलं. मग परत वाचलं. दोन दोन ढोल, चार वेळा चाल, तीन ठोके. इतकं खोटं सांगायला तू किती वेळ बसला असशील त्या खोलीत. आणि विचार केला, गाण्याला जर शेवटच नाही तर माझ्या डोक्यात ते रोज तुटणार. निजणाऱ्या सुया काही वाजवता येत नाहीत. तुझा शेवट निदान वाजवता येत होता.

म्हणून बसवला. लोक हसले ते मी पाहिलं. मान खाली होती तरी पाहिलं, पाय दिसतात, ते वळले की कळतं. वाळूचा हात उठला नाही तेही कळलं. तार सैल झालीय हे बोटाला लागत होतं, पण किती, ते कानाशिवाय समजत नाही. तिथेच सोडून द्यावं असं वाटलं. पण सोडलं असतं तर गाणं परत त्याच जागेवर तुटलं असतं, या वेळी माझ्या हाताने. म्हणून तिसऱ्या ठोक्यापर्यंत वाजवलं. तो ठोका मी जोरात मारला. कसा आला, मला माहीत नाही. तुला विचारावंसं वाटतं आणि तू तर तिथे नव्हतास.

बेंजो पार्टीला देऊन टाकला. त्यांनी पुढच्या वर्षीसाठी उल्हासनगरच्या एका पोराला धरलंय, तो चाळीस नंबर चांगली वाजवतो म्हणतात. तुटायच्या जागेवर तोडतो. लोकांना तसंच पाहिजे.

आता डोक्यातलीही पुसट व्हायला लागलीय. तिसऱ्या गाण्याची मधली चाल गेल्या आठवड्यापासून आठवत नाही. मीनल ती गुणगुणून दाखवते, मी तिच्या ओठांकडे बघतो, त्याचा काही उपयोग होत नाही. तुझा हैदराबादवाला म्हणायचा ते सगळ्यात भारी गाणं आहे. तो अजून तुझ्या खोलीत असेल तर त्याला सांग, बरोबर होता म्हणून.

यापुढे मला पत्रात पगार, पाणी, हवा, काय वाटेल ते लिही. गाण्याचं लिहू नकोस. तुझ्या जर्मन तारा उतरवून पुड्यात घातल्यात, मुकादम सुट्टीवर आला की त्याच्याबरोबर परत पाठवतो. रेनेला दे. त्याला ऐकू येतं.

तुझा,
सुदाम